मालकांचे वंशज, गुलामांचे वंशज आणि मधला हिशेब

१९ जून १८३८ रोजी अमेरिकेत एक करारनामा झाला. विकणारे होते मेरिलँडमधले जेझुइट पाद्री. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज ज्या संघाने काढलं, तोच हा संघ. विकत घेणारे दोघे लुइझियानाचे मळेवाले, त्यातला हेन्री जॉन्सन हा त्या राज्याचा माजी गव्हर्नर. विकायची होती २७२ माणसं आणि ठरलेली किंमत होती १,१५,००० डॉलर. करारात माणसांची यादीच आहे. सुरुवात आयझॅकपासून, वय ६५. मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, ४०. मुलगी नेली, ३८. पुढे हेनी, १३ वर्षांची पोर. अशी पानं भरलेली.

पहिला हप्ता आला २५,००० डॉलरचा. त्यातले सुमारे १७,००० वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊन कॉलेजच्या डोक्यावरचं कर्ज फेडायला गेले. रोमला बसलेल्या संघप्रमुखांनी विक्रीला परवानगी देताना अटी घातल्या होत्या: कुटुंबं तोडू नका, या लोकांना त्यांचा धर्म पाळता येईल असं बघा, पैसा कर्जफेडीला वापरू नका. तिन्ही अटी मोडल्या गेल्या. विक्री घडवून आणणारे फादर थॉमस मलेडी काही काळ पदावरून बाजूला झाले, युरोपात राहिले, परत आले आणि १८४३ मध्ये दुसऱ्या एका नव्या जेझुइट कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. जॉर्जटाऊनमध्ये एका इमारतीला त्यांचं नावही मिळालं. २७२ जणांतले काही मागे राहिले, काहींच्या जागी दुसऱ्यांना पाठवलं गेलं, पण बहुतेक जण जहाजात भरून लुइझियानाच्या ऊस-कापसाच्या मळ्यांवर पोचले.

त्या विक्रीच्या जोरावर तगलेलं कॉलेज आज अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांत आहे. आणि त्या २७२ जणांचे वंशज आज हजारोंच्या घरात आहेत. या दोघांनी एकमेकांसमोर बसायचं तर नेमकं काय करायचं? ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणायचं? माफी मागायची? पैसे द्यायचे? कोणाला, किती, कोणी ठरवायचं? गेल्या वीसेक वर्षांत अमेरिका, ब्रिटन आणि कॅरिबियन बेटांवर या प्रश्नांवर पुष्कळ काम झालंय, पुष्कळ चुकाही झाल्यात. मला त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण जॉर्जटाऊनचंच वाटतं, कारण तिथे प्रत्येक पायरीवर काहीतरी बिनसलं आणि ते कागदोपत्री राहिलं.

आधी ती नेहमीची शंका. ‘आम्ही कुठे गुलाम ठेवले? पणजोबांच्या बापाने ठेवले असतील, त्याचं आम्ही काय करायचं?’ शंका रास्त आहे. पापाची शिक्षा वारसाहक्काने मिळत नाही, हे बहुतेक लोक मान्य करतात आणि या कामात पडलेले वंशजही तसंच म्हणतात. प्रश्न पापाचा नाही, मालमत्तेचा आहे. वडिलोपार्जित जमीन आपल्या नावावर चढली की सातबाऱ्यावरचा बोजाही आपल्याकडे येतो, मग कर्ज आजोबांनी काढलेलं असो. संस्थेच्या बाबतीत तर एवढीही पळवाट नाही. माणूस मरतो, विद्यापीठ मरत नाही. १८३८ मध्ये ज्याचं कर्ज फिटलं ते जॉर्जटाऊन आणि आज भलीमोठी फी घेणारं जॉर्जटाऊन ही एकच संस्था आहे.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गुलामगिरी संपली तेव्हा नुकसानभरपाई खरोखरच दिली गेली होती. ती मिळाली मालकांना. ब्रिटनने १८३३ मध्ये कायदा करून आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामी बंद केली आणि मालकांना २ कोटी पौंड वाटले. ही रक्कम त्या वेळच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे उरलेसुरले रोखे ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये चुकते केले. म्हणजे जमैकाहून लंडनला येऊन बस चालवणाऱ्या माणसाच्या करातूनही, त्याच्या खापरपणजोबाच्या मालकाला दिलेल्या भरपाईचे हप्ते जात होते. आणि सुटलेल्या गुलामांना काय मिळालं? पैसे तर नाहीतच, वर ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे बिनपगारी काम. अमेरिकेतही राजधानी वॉशिंग्टनमध्ये १८६२ मध्ये गुलाम मुक्त केले, तेव्हा मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत दिले. दक्षिणेतल्या मुक्त लोकांना ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये काढला होता. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी तो फिरवला आणि वाटलेली बरीचशी जमीन जुन्या मालकांकडे गेली.

हे माहीत नसलं की आजच्या मागण्या उगाच उकरून काढल्यासारख्या वाटतात. माहीत झालं की त्या उशिराने आलेल्या वाटतात.

आता माणसं शोधण्याचं काम. समेट कोणाशी करायचा हे कळायला नाव लागतं, आणि नेमकं नावच पुसलेलं असतं. काळ्या अमेरिकन कुटुंबांचा वंशवृक्ष काढणारे ‘१८७० ची भिंत’ असं म्हणतात. त्या वर्षीच्या जनगणनेत माजी गुलामांची नावं आडनावासकट पहिल्यांदा आली. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. तक्त्यात वर मालकाचं नाव आणि खाली एकेका ओळीत वय, स्त्री की पुरुष, रंग. नावाचा रकाना गुलामांसाठी नव्हताच. ‘३५, पुरुष, काळा’ एवढ्यावरून आपला पूर्वज कोण ओळखणार? मग शोधायची मालकांची कागदपत्रं: मृत्युपत्रं, गहाणखतं, लिलावाच्या पावत्या. त्यात माणसं नावानिशी असतात, कारण मालमत्तेची नोंद नीट ठेवावी लागते. त्यामुळेच मालकांच्या वंशजांचं सहकार्य लागतं. पुष्कळदा घराच्या माळ्यावरच्या पेटीत पडलेली खतावणी हीच समोरच्या कुटुंबाच्या हाती लागणारी एकमेव नोंद असते.

जॉर्जटाऊनच्या बाबतीत कागद भरपूर होते. पाद्री लोक बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं वहीत लिहीत, मग माणूस गुलाम का असेना. तरीही २०१५ पर्यंत विद्यापीठाने विकलेल्या माणसांचा माग काढला नव्हता. त्या वर्षी विद्यापीठाने गुलामगिरीच्या इतिहासावर समिती नेमली आणि नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या दिला, तेव्हा मलेडींचं नाव इमारतीवरून उतरलं. याच सुमारास रिचर्ड सेलिनी नावाच्या माजी विद्यार्थ्याने विचारलं, की त्या लोकांचं पुढे काय झालं? त्यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे उत्तर मिळालं, की ते सगळे लुइझियानाच्या दलदलीत तापाने मेले, मागे कोणी उरलं नाही. सेलिनींना हे पटेना. तीनशेच्या आसपास माणसं, त्यात एवढी मुलं, आणि एकाचाही वंश उरला नाही? त्यांनी पदरचे पैसे घालून वंशावळीचे जाणकार कामाला लावले. पुढच्या काही वर्षांत हजारो वंशज सापडले.

त्यातला कॉर्नेलियस हॉकिन्स मला विशेष लक्षात राहिला. विकला गेला तेव्हा तो १३ वर्षांचा होता. लुइझियानात मालक बदलत गेले, यादवी युद्ध झालं, तो मुक्त झाला, आणि या सगळ्यात त्याने कॅथलिक चर्च सोडलं नाही. त्यामुळे चर्चच्या वहीत त्याच्या नोंदी राहिल्या आणि मॅरिंग्विन नावाच्या गावातल्या कॅथलिक दफनभूमीत त्याची कबर सापडली. ज्यांनी त्याला विकलं त्यांचाच धर्म त्याने शेवटपर्यंत धरला, आणि त्याच धर्माच्या वहीमुळे तो सापडला. मॅरिंग्विन हे छोटंसं गाव. तिथल्या अनेक कुटुंबांना आपण कॅथलिक का, हे कोडं होतं, कारण आजूबाजूचे बहुतेक काळे लोक बॅप्टिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे. त्या कोड्याचं उत्तर मेरिलँडमध्ये होतं.

१ सप्टेंबर २०१६ ला विद्यापीठाच्या समितीने अहवाल जाहीर केला. अध्यक्ष जॉन डिजॉया यांनी माफीचा विधी करू, इमारतींना नवी नावं देऊ, वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतकं झुकतं माप देऊ, असं सांगितलं. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण समितीत एकही वंशज नव्हता. समारंभाला आलेल्या वंशजांनी हेच बोलून दाखवलं: आमच्याबद्दलचा निर्णय आम्हाला वगळून घेतलात, तर १८३८ आणि आज यात फरक काय? प्रवेशातल्या सवलतीबरोबर शिष्यवृत्ती नव्हती, हाही मुद्दा निघालाच. दार उघडलं, पण आतल्या फीचं काय?

एप्रिल २०१७ मध्ये विधी झाला. जेझुइट संघाचे फादर टिमोथी केसिकी यांनी वंशजांसमोर उभं राहून माफी मागितली. मलेडींच्या इमारतीला आयझॅक हॉकिन्सचं नाव दिलं गेलं, म्हणजे यादीतल्या त्या पहिल्या नावाचं. त्याच वर्षी ६३ वर्षांची एक वंशज स्त्री, जी आधी स्वयंपाकी म्हणून काम करायची, जॉर्जटाऊनच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसली. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःच मतदान घेतलं, की प्रत्येकाने दर सत्राला २७.२० डॉलर जादा भरून वंशजांसाठी निधी उभारावा. आकडा २७२ वरूनच घेतलेला. ६६ टक्के मतं बाजूने पडली. विद्यापीठाने फी लावली नाही. त्याऐवजी वर्षाला ४ लाख डॉलर देणग्यांतून उभे करू असं जाहीर केलं. विद्यार्थ्यांना ते खटकलं, आणि खटकण्यासारखंच होतं. फी हे देणं असतं, देणगी ही मेहेरबानी असते.

मार्च २०२१ मध्ये जेझुइट संघाने आणि वंशजांच्या संघटनेने मिळून प्रतिष्ठान काढलं. संघाने १० कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं, पुढचं लक्ष्य १ अब्ज. पैसा आला तो मात्र चिमटीने. सप्टेंबर २०२३ मध्ये विद्यापीठाने १ कोटी आणि जेझुइटांनी १.७ कोटी डॉलर दिल्याचं जाहीर झालं. पैशाचा उपयोग वंशजांच्या शिक्षणासाठी, म्हाताऱ्यांच्या मदतीसाठी आणि वांशिक सलोख्याच्या कामांसाठी करायचा आहे. ‘हा समझोता करताना आम्हाला कोणी विचारलं?’ असं म्हणणारेही वंशज आहेत. त्यांनाही चूक म्हणता येत नाही. दहा हजार लोकांच्या वतीने सही करायचा अधिकार कोणाला? नुकसान झालेल्यांची एकच बाजू असते, त्यांचं एकमत असतं, हा समज पहिल्या बैठकीतच गळून पडतो.

संस्थांचं हे असं. माणसामाणसांत ते आणखी अवघड असतं, कारण दोन्ही बाजू पुष्कळदा एकाच रक्ताच्या असतात. थॉमस जेफरसन, अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष, ‘सर्व माणसं समान जन्मतात’ हे वाक्य लिहिणारे. त्यांच्या घरातली गुलाम सॅली हेमिंग्ज ही त्यांच्या दिवंगत बायकोची सावत्र बहीण होती. सासऱ्याने आपल्या गुलाम स्त्रीच्या पोटी जन्माला घातलेली. सॅलीला जेफरसनपासून मुलं झाली असं तिच्या वंशात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जात होतं. गोरे वंशज आणि बरेच इतिहासकार ते उडवून लावत. १९९८ मध्ये डीएनए चाचणीने त्या सांगण्याला बळ दिलं. २००० मध्ये जेफरसन यांचं घर सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानाने ते स्वीकारलं. जेफरसन यांच्या गोऱ्या वंशजांची एक वेगळी संघटना आहे, तिच्याकडे घराण्याची दफनभूमी आहे. हेमिंग्ज वंशजांना त्या संघटनेत घ्यायचं का यावर २००२ मध्ये मतदान झालं आणि बहुमताने नकार मिळाला. रक्त मान्य, पण मसणवटीत जागा नाही! आपल्याकडे पाणवठा आणि स्मशान यांचं राजकारण पाहिलेल्या वाचकाला हे फार समजावून सांगावं लागणार नाही.

त्या नकारानंतरही दोन्हीकडची काही माणसं एकमेकांना भेटत राहिली. अशाच गोतावळ्यातून २००६ मध्ये व्हर्जिनियातल्या ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठात मालकांच्या आणि गुलामांच्या वंशजांची पहिली बैठक भरली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या भाषणात दोन्हीकडच्या मुलांनी एका टेबलाशी बसण्याचं स्वप्न सांगितलं होतं. या मंडळींनी ‘कमिंग टू द टेबल’ हे नाव त्यावरूनच घेतलं. त्यांची पद्धत साधी वाटते: आधी इतिहास शोधायचा, मग ओळख करून घ्यायची, मग जखमांवर बोलायचं, आणि शेवटी काहीतरी प्रत्यक्ष करायचं. करून बघितलं की कळतं, गोऱ्या माणसांना तिसऱ्या पायरीची घाई असते. रडू येतं, मन हलकं होतं, आणि समोरच्याने पाठीवर हात ठेवावा अशी अपेक्षा असते. समोरचा मात्र पहिल्याच पायरीवर असतो. त्याला पेटीतले कागद हवे असतात. म्हणून अशा बैठकांत जाणकार आधीच बजावतात, की क्षमा मागायला या, घेऊन जायला येऊ नका.

ब्रिटनमध्ये हे प्रकरण एका संगणकी यादीमुळे पेटलं. २ कोटी पौंड वाटायचे तर अर्ज हवेत, आणि इंग्रजांनी अर्ज जपून ठेवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने हे चाळीस हजारांवर दावे तपासून २०१३ मध्ये सगळ्यांना पाहायला खुले केले. कोणीही आपलं आडनाव टाकून बघावं. ट्रेवेलियन घराण्यातल्या एकाने टाकलं आणि ग्रेनाडा बेटावरचे मळे समोर आले. एक हजाराहून जास्त माणसं या कुटुंबाच्या मालकीची होती. कुटुंबाच्या आठवणीत त्याचा मागमूस नव्हता. याच घराण्यातले चार्ल्स ट्रेवेलियन पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले, आणि त्यांची बायको म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या मेकॉलेची सख्खी बहीण. मेकॉलेचे वडील झॅकरी हे गुलामगिरी बंद करण्यासाठी आयुष्यभर झटलेले! एका सोयरिकीत दोन्ही टोकं. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या वार्ताहर लॉरा ट्रेवेलियन नातेवाइकांना घेऊन ग्रेनाडाला गेल्या, शंभरावर कुटुंबीयांच्या सह्यांचं माफीपत्र वाचलं गेलं, लॉरांनी १ लाख पौंड वेस्ट इंडीज विद्यापीठाला दिले. पुढे बीबीसी सोडून त्या या कामाला लागल्या. टीका झालीच. इतक्या माणसांच्या पिढ्यांच्या कष्टांना एक लाख? पण ग्रेनाडाच्या भरपाई आयोगाने त्यांचं स्वागत केलं, कारण ब्रिटिश सरकार जे करत नव्हतं ते एका कुटुंबाने करून दाखवलं होतं. कॅरिबियन देशांच्या ‘कॅरिकॉम’ संघटनेने २०१४ मध्येच दहा कलमी मागणीपत्र मंजूर केलं आहे. त्यात पहिली मागणी पूर्ण आणि औपचारिक माफीची आहे. लंडनहून आजवर ‘खेद’ येतो, माफी येत नाही. माफी मागितली की कायदेशीर जबाबदारी गळ्यात पडेल ही भीती.

नुसती माफी आणि त्यापुढचं काही, यातला फरक मला अलाबामातल्या एका प्रसंगाने जास्त नीट समजतो. अमेरिकेने बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी घातली होती. तरी १८६० मध्ये मोबील शहरातल्या टिमोथी मेहर या धनाढ्याने पैज मारली आणि ‘क्लोटिल्डा’ जहाजातून आफ्रिकेतल्या सुमारे ११० माणसांना चोरून आणवलं. पुरावा नको म्हणून जहाज जाळून बुडवलं. पाच वर्षांत गुलामगिरीच संपली. ही माणसं मुक्त झाली, पण परत जायला पैसा नव्हता. त्यांच्यापैकी कोसोला, ज्याला पुढे कजो लुइस नावाने ओळखू लागले, मेहरकडे गेला. त्याचं म्हणणं असं: आमच्या मुलखात आमची जमीन होती, घर होतं. तुम्ही आम्हाला इथे आणलंत, आता ना मुलूख ना जमीन. तुमच्याकडे एवढी आहे, त्यातला एक तुकडा द्या. मेहर भडकला. मी माझ्या गुलामांना नीट सांभाळलं, मी त्यांचं काही देणं लागत नाही, असं म्हणून त्याने हाकलून दिलं. मग या लोकांनी लाकडाच्या वखारीत मजुरी करून, बायकांनी भाजीपाला विकून पै-पै जमवली आणि जमीन विकत घेतली, त्यातली काही मेहर कुटुंबाकडूनच. त्या वस्तीचं नाव आफ्रिकाटाऊन. विसाव्या शतकात तिच्या कडेला कागदाचे कारखाने आले आणि धूर वस्तीने खाल्ला. त्यातल्या एका मोठ्या कारखान्याची जागा मेहर कुटुंबाची होती, भाड्याने दिलेली.

२०१९ मध्ये जहाजाचे अवशेष नदीत सापडले. मेहर वंशज तेव्हाही गप्प होते. २०२२ मध्ये त्यांनी निवेदन काढलं आणि पूर्वजाचं कृत्य दुष्ट आणि अक्षम्य होतं असं म्हटलं. १८६० सालच्या त्या गुन्ह्याची कबुली १६२ वर्षांनी आली, ठीक. पण कोसोलाने माफीची मागणी केलीच नव्हती. त्याने जमीन मागितली होती. ती मागणी आजही जशीच्या तशी वाचता येते, आणि मोबीलमध्ये त्या कुटुंबाची जमीन आजही आहे.

एक आठवण इथे यायलाच हवी. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं तेव्हा ते अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याचं कौतुक म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा म्हणून. पुण्यात बसलेल्या फुल्यांना त्या वर्षी अमेरिका उजेडात दिसत होती. मुक्त झालेले काळे पुरुष मत देत होते, काँग्रेसमध्ये निवडून जात होते. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतून उरलेलं केंद्रीय लष्कराचं संरक्षण निघालं आणि जुने मालक पुन्हा वरचढ झाले. उत्तर आणि दक्षिणेच्या गोऱ्यांचा समेट झाला, तो काळ्यांना बाजूला सारून. म्हणून ‘समेट’ म्हटलं की काळे अमेरिकन आधी विचारतात, कोणाकोणात?

या गोष्टीत तिसरी बाजूही आहे, आणि तिथे मराठी माणूस खरोखर येतो. गुलाम सुटले, मग मळ्यांवर राबणार कोण? लिव्हरपूलचा जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप, गयानातला बडा मळेवाला. अडीच हजार गुलामांपोटी त्याला एक लाख पौंडांवर भरपाई मिळाली. त्याने कलकत्त्याच्या एका कंपनीला पत्र लिहिलं आणि हिंदुस्थानातून कराराने मजूर मागवले. मे १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं जवळपास चारशे मजूर घेऊन गयानाला लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅडस्टन यांचे वंशज गयानाला जाऊन माफी मागून आले, तेव्हा त्या देशाचे अध्यक्ष होते इरफान अली, अशाच भारतीय मजुरांच्या वंशातले. माफी पुरेशी नाही, भरपाईही हवी, असं त्यांनी ठणकावलं.

मॉरिशसला तर कोकणातून गिरमिटिये, म्हणजे असेच कराराने बांधलेले मजूर, गेले, त्यांचे मराठी वंशज आजही तिथे गणपती बसवतात. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथले गुलाम सुटले आणि त्यांच्या जागी भारतीय मजूर आले. पुढे भारतीयांच्या वंशजांकडे राजकीय सत्ता आली, साखरेचे मोठे मळे फ्रेंच वंशाच्या मोजक्या घराण्यांकडे राहिले, आणि आफ्रिकन गुलामांचे क्रिओल वंशज बहुतांशी तळाशी. २००९ मध्ये मॉरिशसने सत्य आणि न्याय आयोग नेमला. अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचे अ‍ॅलेक्स बोरेन, जे तिथल्या प्रसिद्ध सत्य आयोगाचे उपाध्यक्ष होते. या आयोगाने गुलामी आणि गिरमिट दोन्ही एकत्र तपासल्या. त्यामुळे आयोगासमोर बसलेला भारतीय वंशाचा माणूस एकाच वेळी सोसलेल्यांचा वारस होता आणि दुसऱ्या कुणाच्या तुलनेत वर असलेलाही. मालक आणि गुलाम अशा दोनच बाजू धरून केलेला समेट तिथे चालणारच नव्हता.

नोव्हेंबर २०११ मध्ये अहवाल आला. आयोगापुढे सगळ्यात जास्त निकराने आलेला विषय भाषणांचा किंवा स्मारकांचा नव्हता, जमिनीचा होता. शेकडो कुटुंबांनी तक्रारी दिल्या, की आमच्या आजा-पणजाने विकत घेतलेला तुकडा मळेवाल्यांनी खोट्या मोजण्या आणि कागद करून गिळला. त्यासाठी जुने नकाशे, नोटरीची दप्तरं आणि मोजणीदार लागतात, आणि कोर्टाचा खर्च परवडेल असा वकील लागतो. आयोगाच्या शिफारशींत म्हणूनच मोजणीदारांची आणि कायद्याच्या मदतीची मागणी आहे. तक्रार करणाऱ्यांत क्रिओल होते, तसे भारतीय वंशाचेही.